मेलेल्या राजाची राखण

विनीता, तुझ्यावर लिहायला बसले आहे. तुला आवडणार नाही, ठाऊक आहे. दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवून तू म्हणशील, “बाईनू, ह्या तुमी मघाशी येगळा सांगलात,” आणि मग तासभर मी काय म्हणाले आणि काय म्हणाले नाही याचा पंचनामा. तेवढा वेळ मला नाही. तू मूर्खपणा केलास तिथे मूर्खपणा असंच लिहीन. एका जागी शहाण्यासारखा वागलास, तेही लिहीन. पण अशा वेळी वागलास की त्यापेक्षा मूर्खपणा परवडला असता. तुला ‘तू’ म्हणत राहिले तर तू मध्ये तोंड घालणार. म्हणून इथून पुढे तू ‘तो’. गप्प बसून ऐक.

तर, विनीत. नाव विनीत, स्वभाव नाही. बाप भिकाजी होडीवर, आई तुळसा मालवणच्या बाजारात मासळी घेऊन बसणारी. अशा घरात जन्मलेलं हे पोर होडीत पाय ठेवला की ओकायचं. भिकाजीने दोन-तीन हंगाम बघितलं आणि हात टेकले. “ह्येका जमिनीरच ठेव,” तो बायकोला म्हणाला. “हो माझो दर्यो घाण करता.” जमिनीवर ठेवलेल्या मुलांचं आपल्याकडे जे करतात तेच मग याचं केलं. कॉलेजात घातलं, कॉमर्सची पदवी हातात आल्यावर मुंबईला मामाकडे कॉम्प्युटरच्या कोर्सला पाठवलं, आणि तिथे नोकरी लागेना तेव्हा ‘गावात स्वतःचं काहीतरी काढायचं म्हणतो’ असं जगाला सांगत परत आणलं.

ते साल २००३. धक्क्याजवळ एक गाळा मिळाला आणि विनीतने सायबर कॅफे काढला. भागीदार प्रितेश, शाळेपासूनचा दोस्त. प्रितेशचा फोटो स्टुडिओ होता. कधी घाट न ओलांडलेल्या नवरा-नवरीला बर्फाच्या डोंगरापुढे उभं करण्यात आणि नवरीचं तोंड कमळात बसवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात दुसरा नव्हता. मधे एक पडदा, अलीकडे कॅफे, पलीकडे स्टुडिओ. गाळ्याच्या मागच्या खिडकीतून अख्खा समुद्र दिसायचा. या दोघांनी पहिलं काम काय केलं, तर त्या खिडकीला प्लायवूड ठोकलं. स्क्रीनवर उजेड येतो म्हणे! आणि त्याच प्लायवूडला पाठ लावून पुढे दोन वर्षं भांडले, कॉम्प्युटरमधलं पाणी किती खरं दिसतं यावर.

गिऱ्हाईक म्हणजे निकालाच्या दिवशी मुलं, एरवी जहाजावरच्या नवऱ्यांना ईमेल करायला येणाऱ्या बायका, आणि उरलेल्या वेळात हे दोघं स्वतः. प्रितेशच्या जहाजावरच्या चुलतभावाने कुठल्याशा बंदरातून एका खेळाची सीडी आणली होती. खेळ म्हणजे पत्ते-कॅरम नव्हे. यात तुम्ही एक माणूस व्हायचं, तलवारवाला, जादूवाला, चोर, जे झेपेल ते, आणि कुठेच नसलेल्या एका राज्यात भटकत सुटायचं. वाटेत कोणी काम सांगतं, ते करायचं, राक्षस आडवे येतात, ते मारायचे, आणि यातून एक मोठी गोष्ट पुढे सरकते. नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. मालवणात सगळे त्याला ‘राजा’च म्हणत.

कारण त्यात एक म्हातारा राजा होता. पहिल्या भागाच्या शेवटी त्याच्यावर विषप्रयोग होतो आणि तो खेळणाऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो. मग त्याला होडीत निजवतात, होडीला अग्नी देतात आणि तळ्यात सोडतात. विनीत हे बघून रडला. खऱ्या होडीत ओकणारा माणूस चित्रातल्या होडीसाठी रडला. प्रितेशने त्याला पाणी दिलं आणि पडद्यापलीकडे जाऊन एका नवरीचे दात पांढरे केले.

वर्षभराने दुसरा भाग आला. उघडला, तर राजा सिंहासनावर बसलेला! धडधाकट. दाढीसुद्धा काळी झालेली. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही.

“मेलेलो माणूस खुर्चेर कसो बसता?” विनीतने पहिल्याच दिवशी गाळा डोक्यावर घेतला.

“पाणी बघ रे,” प्रितेश म्हणाला. “लाटेर उजेड कसो पडता बघ.”

“मी इचारतंय काय, तू सांगतंस काय!”

“मेल्या, राजाच्या मागे खिडकी आसा, खिडकीत तळा आसा, तळ्यात ढग दिसतत. ढग! पाण्यात!”

“ह्याच तळ्यात तेका जाळलो.”

“मगे? इझलो असात.”

“माका पाणी बघूचा झाला तर मी ता प्लायवूड काढीन!”

“काढ. पण ता पाणी सारखा हलता. ह्या थांबवक येता.”

मालवणात दोन माणसं भांडायला लागली की उरलेल्यांना उभं राहायला बाजू लागते. महिन्याभरात कॅफेत दोन तट पडले. गोष्टवाले विनीतच्या बाकावर, चित्रवाले प्रितेशच्या. ज्यांनी खेळ उघडलासुद्धा नव्हता त्यांचा आवाज सगळ्यात मोठा. इंटरनेटवर या खेळाच्या भक्तांचा एक अड्डा होता, तिथेही हेच रण माजलेलं. कोणी म्हणे तो राजाचा जुळा भाऊ, कोणी म्हणे जादू, कोणी म्हणे एवढं सुंदर तळं दिलंय तर राजाचं काय घेऊन बसलात. विनीत तिथे हिरिरीने लिहू लागला आणि प्रितेश त्याला उत्तरं देऊ लागला. दोघं कोपराला कोपर लावून बसलेले, तोंडाने एक शब्द नाही. विनीतने इंग्रजीत लिहावं की ज्यांना गोष्टीची चाड नाही त्यांनी रंगाचं दुकान काढावं. ते समुद्राखालच्या तारेतून परदेशात जावं, तिथून फिरून शेजारच्या स्क्रीनवर यावं. प्रितेशने ते वाचून मान डोलवावी आणि उत्तर बडवायला घ्यावं. टेलिफोनची लाइन मेली की भांडण थांबायचं आणि दोघं मिळून उसळपाव खायला जायचे.

इंग्रजी तपासायला विनीत माझ्याकडे यायचा. शाळेत ते मीच शिकवलं होतं आणि त्याचं काय झालं ते मला दिसतच होतं. “बाईनू, ‘लाज वाटूक व्हयी’ ह्येका एक जोरदार शब्द सांगा.” सांगितला. तो तोंड वाकडं करून म्हणाला, “ह्यो मवाळ झालो.”

अशात त्याचं लग्न जमलं. वालावलची रसिका. तिचा बाप रविकांत, खाडीच्या काठाला माडांची बाग, बोलायला शांत आणि भावकीत वजन असलेला. तुळसाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. साखरपुडा झाला. तुळशीची लग्नं लागली की पहिला मुहूर्त धरायचा ठरला.

एकदा रसिका मावशीबरोबर मालवणच्या बाजाराला आली आणि कॅफेत डोकावली. दुसऱ्या कोणी होणाऱ्या बायकोला आइस्क्रीम खिलवलं असतं. विनीतने तिला राजा मरताना दाखवला. मावशी दाराशी उभी राहून घड्याळ बघत होती. रसिकाने सगळं बघितलं, होडी पेटून तळ्यात जाईपर्यंत, आणि विचारलं, “तेव्हा राणी खंय होती?”

विनीत तिच्याकडे बघतच राहिला.

पडद्यामागून प्रितेश म्हणाला, “वैनीनू, चुकीचो प्रश्न इचारलात. हो आता जेवाचो नाय.”

“चुकीचो कसो?” रसिका म्हणाली. “माणूस मेलो तर पयल्यांदा घरात कळवतत ना? हेच्या घरात कोणी कळवल्यान?”

एवढ्या भांडणात, एवढ्या देशांतल्या भक्तांच्या गर्दीत, हे कोणी विचारलं नव्हतं. विनीतने तो प्रश्न त्याच दिवशी अड्ड्यावर टाकला. त्या दिवसापासून पोरगा पुरता कामातून गेला. तोवर रसिका त्याला पसंत होती. आता तिच्यावाचून त्याला चालेना. जगाकडून त्याचं मागणं फक्त दोन गोष्टींचं राहिलं. राजा मेला हे लोकांनी कबूल करावं, आणि तुळशीचं लग्न झालं की रसिका घरात यावी. या दोहोंतली एकच मिळेल असं कोणी म्हणालं असतं तर तो हसला असता.

पुढे तो वालावलला लक्ष्मी-नारायणाच्या उत्सवाला गेला असताना प्रितेशने चारही कॉम्प्युटरवर दुसरा भाग चढवला. विनीतने परत येऊन उतरवला. प्रितेशने पुन्हा चढवला. मग पडदा काढून मध्ये भिंत घालायची भाषा सुरू झाली. दोन कॉम्प्युटर तुझे, दोन माझे, पंखा कोणाचा? फणसाच्या झाडावरून तीन पिढ्या न बोलणारी आपली माणसं. यांना फणससुद्धा लागला नाही. असं टोकाला गेल्यावर आपल्याकडे दोनच जागा. कोर्ट किंवा देऊळ. कोर्टात तारीख मिळते, देवळात उत्तर.

देवळात कौल लावतात. देवाच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने देवाला प्रश्न घालायचा आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. होडी कधी लोटायची, मुलगी कुठे द्यायची, कोंबडी कोणी चोरली, सगळं आम्ही असं विचारतो. या दोघांनी राजाचं विचारायचं ठरवलं. एक कॉमर्सचा पदवीधर, दुसरा नवरीला कमळात बसवणारा.

गुरव शिवा पाकळ्या भिजवत होता. “कोणाचा इचारूचा आसा?”

“एक राजा आसा,” विनीत म्हणाला. “तो मेलो काय जितो, इतक्याच.”

“घराण्यातलो?”

“नाय. भायरचो. लांबचो.”

“मेलो खंय?”

“तळ्याकडे. होडयेत घालून जाळलो.”

“तू होतंस थंय?”

“होतंय म्हणजे? माझ्या मांडयेर मेलो.”

शिवाचे हात थांबले. “आणि आता?”

“आता दिसता.”

“कोणाक दिसता?”

“सगळ्यांका. दुकानात येता तेका दिसता.”

इथे प्रितेशने तोंड उघडायला हवं होतं. त्याने उघडलंही. म्हणाला, “पाण्याकडच्या खिडकेत बसलेलो आसता.”

आता यात विनीत एक अक्षर खोटं बोलला नव्हता. पण ‘खेळ’ हा शब्द दोघांच्याही तोंडी आला नाही, कारण दोघांनाही तो खेळ वाटेनासा होऊन बराच काळ लोटला होता. शिवा उठून उभा राहिला. धोतर नीट केलं. आणि जे गाऱ्हाणं घातलं ते साध्या कामासाठी तो घालत नाही.

“बा देवा महाराजा! आज हो विनीत भिकाजी तुझ्या पायाकडे येवन उभो रवलो आसा. जो कोण लांबचो राजा होडयेत घालून जाळलो असात, नि आज ह्येच्या दुकानात येवन बसता असात, तो मेलेलो असात तर उजव्यान, जितो असात तर डाव्यान दाखवन दी रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” सभामंडपात बसलेले चौघे-पाचजण ओरडले. राजा कोण, हे त्यांनी विचारलं नाही. कधीच विचारत नाहीत.

उजवी पाकळी पडली. राजा मेलेला होता.

विनीतने प्रितेशकडे असं बघितलं की जणू सातासमुद्रापलीकडचे सगळे अड्डेवाले तिथे हात जोडून उभे आहेत. “मेलो!” तो म्हणाला. “आयकलंस? मेलो!”

“देवान पाणी खंय बघल्यान आसा?” प्रितेश पुटपुटला.

“गडबड करू नको,” शिवा म्हणाला. “मेलो ता खरा. पण मेलेलो येवन बसता म्हणजे तेका जागो मेळाक नाय. राखण देवची लागतली. नारळ नि कोंबो. सड्यारच्या दगडाकडे.”

राखण म्हणजे जागेच्या राखणदाराला द्यायचा मान. सडा म्हणजे गावामागचं कातळाचं माळरान. प्रितेशने बाहेर येताच विनीतला बाजूला घेतलं. “मरे, हसान मरतले लोक. सोड. तुझा तुका मेळला ना?”

“अर्धो कौल मानूचो नि अर्धो सोडूचो, असा चलाचा नाय,” विनीत म्हणाला.

दुसऱ्या सकाळी भर बाजारातून प्रितेशची मोटारसायकल गेली. पुढे प्रितेश, मागे विनीत, विनीतच्या काखेत कोंबडा. मासळीच्या रांगेतून एक बाई ओरडली, “गो तुळसा, तुझो झील कोंबो कोणाक नेता?” तुळसाला आदल्या रात्री जेवढं कळलं होतं तेवढं तिने सांगितलं. “राजाक.”

बस्स. पुढचं काम बाजाराने केलं. दुपारपर्यंत राजा गोरा झाला. तिसऱ्या नंबरच्या कॉम्प्युटरवर बसतो हे ठरलं. संध्याकाळी कोणाच्या तरी सुनेला त्या खुर्चीत बसल्यावर पाय गार पडल्याचं आठवलं. आयांनी मुलांना कॅफेत पाठवणं बंद केलं. जहाजवाल्यांच्या बायका पुन्हा एसटीडी बूथवर जाऊ लागल्या. गोष्टवाले आणि चित्रवाले, दोन्ही तट एकाच दिवशी ओस पडले. राजा एवढा खरा कुठल्याच भागात दिसला नसेल.

आणि मग वालावलहून रविकांत आले.

तुळसाने चहा टाकला, खाजं काढलं. भिकाजी अंगात सदरा चढवून बसला. प्रितेशही येऊन बसला होता; भांडण असलं तरी सोयरीक ही सोयरीक.

“आमच्याकडे कानार इला,” रविकांत म्हणाले, “तुमच्या दुकानात कोण मेलेलो येवन बसता म्हणान.”

विनीतचा चेहरा खुलला. सासरा आपण होऊन विचारतोय! त्याने पहिल्या भागापासून सुरुवात केली. विषप्रयोग, मांडी, होडी, तळं, काळी दाढी, अड्डा, कौल, काही सोडलं नाही. रविकांतांनी सगळं ऐकलं. दुसरा चहा घेतला.

“म्हणजे हो राजा खंयच नाय?”

“नाय.”

“कधी नव्हतोच?”

“नव्हतो.”

“नि तेका तू कोंबो दिलंस.”

“देवान सांगल्यान.”

रविकांतांनी कप खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. मला वाटतं, त्या खोलीतला सर्वात व्यवहारी तोच होता. “माझा म्हणणा सोपा आसा,” ते म्हणाले. “घरात मेलेलो माणूस दिसलो तर तेचा कोणाक काय वाटणा नाय. आमच्याकडे माझी आजी दिसा. राखण दिली, गेली. पण नसलेल्या माणसाक कोंबो दिलो म्हटल्यार लोक हसतले. जावय खुळो म्हणतले. तेव्हा तू काय कर, तो तुझो आजो होतो म्हणान सांग. आजो दिसा, राखण दिली, शांत झालो. भावकेक पटात. मुहूर्त धरूया.”

खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खानदानी भूत चालतं, उपरं चालत नाही. स्थळं जुळवण्याची आपली रीतच ती.

“सांग रे बाबा,” तुळसा म्हणाली. “आजो काय नाय म्हणूक येतलो?”

“बापूस माझो,” भिकाजी म्हणाला. “माझी हरकत नाय.”

“तुझो नको आसात तर माझो आजो घे,” प्रितेश म्हणाला, आणि तो थट्टा करत नव्हता.

विनीतला ‘आजो’ एवढा एकच शब्द बोलायचा होता. त्या शब्दाच्या पलीकडे वालावलची ती मुलगी होती, जिने राणीचं विचारलं होतं. हे त्याला कळत नव्हतं असं समजू नका. त्याने खाज्याचा तुकडा उचलला, परत ताटलीत ठेवला.

“आजो मेलो तेव्हा मी खांदो दिलंय,” तो म्हणाला. “बारावा झाला, तेची होडी इकली, सगळा झाला. तो परत कित्याक येतलो? तुमका गरज पडली म्हणान? मेलेल्या माणसाक उठवन खुर्चेर बसवतास, नि तेका काळी दाढी लावतास?”

“दाढयेचा कोण बोलता?” रविकांत म्हणाले.

“ह्याच तेनी केल्यानी! ह्याच! कोणाच्या तरी सोयीक मेलेल्याक जितो केल्यानी नि म्हणाक लागले, दिसता बरा ना, मगे गप रवा. दोन वर्सा मी तेंका शिवयो घालतंय. आता मी तसा करू? राजा खंयच नाय ता खरा. पण कोंबो मी राजाकच दिलंय. आज्याक नाय.”

भिकाजीने मान खाली घातली. माझ्या मते, मुलगा पहिल्यांदाच त्याला जरा आवडला असावा. रविकांत उठले, “बरा,” एवढंच म्हणाले आणि चपला घालून निघाले.

तुळसाने ताटली उचलली. “आज्याच्या नावार लगीन झाला असता. ह्येका राजाच व्हयो.”

हेच ते शहाणपण. मी कबूल करते. अख्ख्या मालवणात त्या दिवशी खरं बोलणारा एकच माणूस होता, आणि तो कशाबद्दल खरं बोलत होता, तर कुठेच नसलेल्या राजाबद्दल. अशा माणसाची आरती करावी की कानफटात द्यावी?

पुढचं थोडक्यात सांगते. भिंत घातलीच नाही. भांडायला माणसं उरली नाहीत तेव्हा दोघांची गट्टी आपोआप जमली. कॅफेचं आता मोबाईल रिचार्जचं दुकान झालंय, प्रितेश पर्यटकांना पाण्याखालचे मासे दाखवून त्यांचे फोटो काढतो. खेळाचा तिसरा भाग आला. राजा त्यातही आहे, कारण कोणी दिलेलं नाही. प्रितेश म्हणतो, पाणी आणखी सुधारलंय. विनीतचं लग्न पुढे झालं, कणकवलीकडची मुलगी, घर नेटकं ठेवते. तिला त्याने राजा दाखवलेला नाही.

पण मधे एक काम निघालं होतं, ते सांगायचं राहिलं.

रविकांत निघून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी विनीत माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. माझं माहेर वालावलचं, महिन्यातून एकदा तरी माझी फेरी असते. “बाईनू,” तो म्हणाला, “बापाशीक नको. रसिकाक सांगा. तिका समजात.”

“काय सांगू?”

“सगळा.”

रविकांत आता दुसरी स्थळं बघणार होते आणि तुळशीची लग्नं तोंडावर आली होती, तेव्हा वेळ दवडण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, “उद्या सकाळच्या गाडीने जाते.” पिशवीसुद्धा भरली. हा दारापर्यंत गेला आणि परत वळला.

“पण बाईनू, तुमी राजा मरताना खंय बघलास?”

“तू सांगितलंस की!”

“सांगलेला येगळा. रसिकान बघलेला आसा. ती कायतरी इचारतली नि तुमी भलताच सांगतलात.”

म्हणून वालावलच्या गाडीऐवजी मी कॅफेत जाऊन बसले, आयुष्यात पहिल्यांदा हातात माउस धरून. राजापर्यंत पोचायला आधी एक पूल लागतो आणि पुलावर पहारेकरी. तो परवाना मागतो. मी त्याला बाजूला हो म्हणायला बटण दाबलं, तर तलवार चालली.

“बाईनू, तेका मारू नकात! तेची फुडे गरज आसा!”

“मग तो वाटेत कशाला उभा?”

“तो मेलो तर गोष्ट मोडता! परत पयल्यापासून.”

परत पहिल्यापासून. पहारेकरी मेला, शिपाई आले, मी मेले. परत. मी पाण्यात पडले. परत. रोज दुपारी हेच. विनीत शेजारी बसून ‘ढाल, बाईनू, ढाल’ करत घामाघूम. शेवटी मी माउस आपटला. “विनीता, मला ही गोष्ट पाठ आहे. तुझं इंग्रजी दुरुस्त करता करता झाली. मला जाऊ दे.”

“तेचा तोंड बघल्याशिवाय तुमका समजाचा नाय,” तो म्हणाला. “मरताना तेच्या डोळ्यांत उजेड कसो हलता, ता बघूक व्हया.”

पडद्यामागे प्रितेश खो खो हसत सुटला. “आयकलास, बाईनू? उजेड बघूक व्हयो म्हणता! दोन वर्सा मी दुसरा काय सांगत होतंय?”

विनीत कानापर्यंत लाल झाला. कॉम्प्युटर बंद केला, म्हणाला, “उद्या.” उद्या वीज नव्हती. परवा मी भलतीकडेच खेळ साठवला होता.

मग एका सकाळी तुळसाने मला बांगडे निवडून देता देता सांगितलं. रसिकाचं सावंतवाडीला ठरलं, मुलगा शाळेत शिकवतो. दुपारी मी कॅफेत गेले. तिसऱ्या नंबरची खुर्ची पुसून ठेवलेली, खेळ पुलापाशी आणून थांबवलेला. बातमी त्याला कळली होती की नव्हती, मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

“बसा, बाईनू,” तो म्हणाला. “आज ढाल आधी वर धरा.”

पिशवी घरी दाराशी भरलेलीच होती. मी बसले. पहारेकऱ्याने परवाना मागितला.